पहिल्या भागाला हात लावू नका

पाच जुन्या व्हिडिओ गेमचा एक संच मी केवळ दुकानदाराच्या नाकावर टिच्चून विकत घेतला आणि घरी आणून पोथी लावावी तसा पहिल्या भागापासून लावला. मूर्खपणा तो हाच. घेतला यात मूर्खपणा नव्हता, तो फार तर हट्ट. पहिल्यापासून लावला, हा मूर्खपणा. आजी आणि व्हिडिओ गेम म्हटलं की लोकांना आधी भलत्याच गोष्टीचं हसू येतं. हसून घ्या. झालं की सांगा, म्हणजे पुढचं सांगते.

नात नोकरीला हैदराबादला गेली तेव्हा तिचा गेमचा डबा हॉलमध्ये टीव्हीखाली तसाच राहिला. "आजी, त्याच्यावर धूळ बसू देऊ नको," एवढं सांगून ती गेली. त्याच सुमारास माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टर म्हणाले, बसून राहा. बसून करायचं काय? पुनावळ्यातल्या आमच्या अकराव्या मजल्यावरून खाली पाहिलं की अंडरपासपाशी तुंबलेल्या गाड्या दिसतात. त्या बघून रक्त आटतं. टीव्हीवरच्या मालिका बघून त्याहून जास्त आटतं. मग एका दुपारी धूळ पुसायच्या निमित्तानं मी तो डबा लावला.

त्यात लपूनछपून खेळायचा एक नवा गेम होता. असल्या गेममध्ये धडाधड गोळ्या झाडायच्या नसतात. मोठा वाडा असतो, पहारेकरी फेऱ्या मारत असतात, आपण सावलीसावलीनं आत शिरायचं, काम उरकायचं आणि कुणाला पत्ता लागू न देता बाहेर पडायचं. दिसलात की संपलं. मला वाटलं, हे तर मला येतंच. ज्या बाईनं सासऱ्यांची दुपारची झोप, आत्याबाईंची नजर आणि अंगणातल्या कोंबड्या चुकवून माळ्यावरचा गूळ खाल्लाय, तिला हे काय शिकवायचं?

खरं सांगायचं तर ती बाई दर वेळी सापडायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, डोळे मिटूनच म्हणायच्या, "ठेव खाली त्यो खडा." मला वाटायचं, सासूला काहीतरी विद्या येते. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या चढवून चोरीला निघालेली ती शहाणी! सगळ्या गावाला वर्दी देत शिडी चढायची, आणि वर पुन्हा विचारात पडायची की यांना कळतं कसं. बांगड्यांची ती हौस अजून आहे. यजमान गेले तेव्हा भावकीतल्या बायकांना वाटलं होतं, आता हात मोकळे होतील. मी नाही काढल्या. त्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत. त्यांची नाकं, त्यांचा वेळ.

तर तो नवा गेम मी संपवला. नातीनं फोनवर सांगितलं, "आजी, या गेमचे आजे-पणजे आहेत. पाच जुने गेम, एका संचात पुन्हा काढलेत." मी रिक्षा केली आणि चिंचवडला गेले. दुकानात गल्ल्यावर एक दाढीवाला माणूस होता.

"काकू, नातवासाठी का?"

"नाही. माझ्यासाठी."

तो हसला. कुत्सित नाही हसला, उलट फार मायेनं हसला. त्याचाच मला जास्त राग आला. "मग नका घेऊ. खोटं नाही सांगत. फार जुने गेम आहेत हे, नव्या माणसाला झेपत नाहीत. ज्यांनी लहानपणी खेळलेत ना, त्यांच्या आठवणीसाठी काढलाय हा संच."

"मी लहानपणी म्हशी राखत होते," मी म्हणाले. "त्यांचा काढलाय का कुणी संच?"

"तसं नाही काकू, कंट्रोल फार जड आहेत हो."

"म्हशीएवढे?"

मागचं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. दुकानदारानं गुपचूप डबी पिशवीत घातली.

आता दुःखाची गोष्ट अशी, की त्या माणसाचं निम्मं खरं होतं. समोरचा साफ चुकला तर राग दोन दिवसांत निवतो. तो निम्मा बरोबर निघाला तर महिनाभर धुमसतो.

पहिला भाग म्हणजे शुद्ध छळ आहे. नायिका आहे एक जासूद. शत्रूनं घेतलेल्या शहरात ती चोरून निरोप पोचवते. कल्पना बघा किती छान! आणि चालते कशी, तर लाकडी ओंडक्यासारखी. भिंतीआडून डोकावायचं तर दोन बटणं दाबून धरायची, तिसऱ्या बोटानं दांडी वळवायची. शेवया वळतानाही कधी एवढी बोटं मोडावी लागली नाहीत. डोकावलं की चित्र भिंतीत घुसतं आणि तुम्हाला पहारेकरी दिसण्याऐवजी विटा दिसतात. त्याला मात्र भिंतीपलीकडून तुम्ही दिसता. मग शिट्टी वाजते. अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी. चष्म्यावर चष्मा लावला तरी वाचवत नाहीत. आणि सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे मध्ये कुठं थांबायची सोय नाही. सापडलात की टप्पा पार सुरुवातीपासून. नवा संच म्हणून पैसे घेताना यांना लाज वाटली नाही? बाहेरची डबी तेवढी चकचकीत केली, आत जुनीच खरूज.

दुसऱ्या टप्प्यावर एक जकात नाका आहे. बुटात निरोप लपवून तो ओलांडायचा. त्या नाक्यावर मी महिन्याहून जास्त अडकले. दुपारचं जेवण झालं की नाका, चहा झाला की नाका. नातीला फोन केला. ती म्हणाली, "आजी, सोड ना. संचातला कुठलाही भाग लावता येतो. तिसरा लाव, तो मस्त आहे."

"असं कसं? पोथी मधूनच उघडतात का?"

"ही पोथी नाहीये गं."

"पहिला अध्याय टाळून तिसरा वाचला तर पुण्य लागत नाही."

ही माझी अक्कल. श्रावणात पोथी लावायची, रोज अध्याय वाचायचा, अध्याय संपल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही, हे आयुष्यभर केलेलं. तेच नियम मी परदेशी कंपनीच्या टुकार मालाला लावले. नाक्यावर सापडले आणि गुडघा ठणकायला लागला तरी उठायचे नाही. पूर्वी देवाला तरी माहीत असायचं की ही बसली आहे. इथं कुणाला पडलं होतं?

इंटरनेटवर बघावं म्हटलं, तिथं आणखी शहाणे बसलेले. एक जण लिहितो, पहिला खेळल्याशिवाय तिसऱ्याची किंमत कळत नाही. दुसरा लिहितो, आम्ही नाही का खेळलो? तिसरा लिहितो, ज्यांना पहिला झेपत नाही त्यांनी या वाटेला येऊच नये. वाचून अंगाची लाहीलाही झाली. आणि तरी त्यांचंच ऐकून मी पुन्हा नाक्यावर जाऊन बसले, हे त्याहून वाईट.

शेवटी नाका ओलांडला. कसा, ते मला ठाऊक नाही. बहुधा पहारेकरीच कंटाळला असावा. पहिला संपवला, दुसरा दात-ओठ खात रेटला, आणि तिसरा लावला.

तिसऱ्यानं माझी बोलतीच बंद केली. तीच जासूद, तेच शहर, पण आता त्या शहराला कान होते. खडीवर पाय पडला की करकर वाजते, गवतावर वाजत नाही. दिवा विझवला की अंधार खरंच तुम्हाला पोटात घेतो. पहारेकरी नुसते फिरत नाहीत, बोलतात. एकाची दाढ दुखत असते, तो लवंग मागत फिरतो. त्याच्या कण्हण्यावरून आपल्याला समजतं, स्वारी कोपऱ्यावर आली. दुसऱ्याला रात्रपाळी बदलून हवी असते आणि वरचा देत नसतो. मला त्यांच्याबद्दल इतकं वाटायला लागलं की एकालाही न दुखावता निसटून जायचं असा मी नेम केला. आणि मनात येईल तिथं थांबता येतं. भाजी करपायला लागली की उठा, परत या, जासूद तिथंच वाट बघत उभी. हे बनवणाऱ्यांच्या घरी कुणीतरी स्वयंपाक करणारी असणार.

म्हणून कुणी नवखा विचारील, हा जुना संच घ्यावा का, तर माझं उत्तर आहे, घ्यावा. आजच्या गेममध्ये पहारेकरी भिंतीपलीकडूनही लाल रंगात दाखवतात, बाण दाखवतात, जाऊ तिथं पायघड्या. इथं कान टवकारावे लागतात, आणि माणूस कान टवकारतो तेव्हाच जागा असतो. पण पहिल्या भागाला हात लावायचा नाही. दुसऱ्यालाही नाही. सरळ तिसरा लावायचा. गोडी लागली की मग पाहिजे तर मागं जा, जसं सासर आवडलं की माणूस त्या घरातल्या पणजोबाचा फोटो पुसतो. लग्नाच्या पहिल्या दिवशी कुणी पुसत नाही.

एवढं स्पष्ट आहे. लहान पोराला कळेल. आणि हा प्रश्न मला खरोखर कुणी विचारला, तेव्हा मी याच्या नेमकं उलटं सांगितलं.

विचारला माझ्या सुनेनं.

माझी सून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सुटे भाग तपासते. दिवसभर उभं राहून काम. पहाटे कंपनीची बस, दुपारी सुटली की पुन्हा बस, आणि चाकणच्या रस्त्यावर ती बस जी अडकते ती अडकतेच. तो रस्ता ज्यानं आखला त्याला एकदा त्याच बसमध्ये, खिडकीशी उन्हाच्या बाजूला बसवला पाहिजे. घरी यायची तेव्हा तिच्या तोंडावर बोलायची इच्छाच नसायची. चहा घ्यायची, खोलीत जायची, दार लावून पडायची. मुलगा सेकंड शिफ्टला. नात होती तोवर घरात आवाज होता. ती गेली आणि अकराव्या मजल्यावर आम्ही दोघी उरलो, एक दाराच्या अलीकडे, एक पलीकडे. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, निदान बोलणं होतं.

मी तिसरा भाग खेळत होते त्या दिवसांत एका दुपारी ती चहाचा कप घेऊन सोफ्यामागं थांबली. मला वाटलं, जाईल आत. ती गेली नाही. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "आई, थांबा. डावीकडचा वळतोय."

"कुठला?"

"दाढवाला."

खरंच वळला. मी वाचले. दुसऱ्या दिवशी ती सोफ्यामागं नाही, सोफ्यावर बसली. मग रोजच. कंपनीचे कपडे न बदलता, कप हातात, पाय वर घेऊन. "आई, दिवा विझवा आधी." "आई, घाई करताय." "आई, हा सुपरवायझरसारखा चालतोय, हा परत येणार." तिला ते अचूक समजायचं. दिवसभर मालातला दोष हुडकणारी बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार? लग्न होऊन आल्यापासून एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एका गोष्टीकडे एकत्र बघत बसलो, असं मला तरी आठवत नाही. चार वाजायला आले की मी लिफ्टचा आवाज ऐकत बसायचे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. अशा गोष्टी सासवा सांगत नाहीत, ही आमच्या जातीची खोड आहे.

दिवाळीला तिनं हातात धरून खेळायचं छोटं मशीन घेतलं. म्हणाली, बसमध्ये वेळ जाईल. आणि मग विचारलं, "आई, तुम्ही पाचही खेळलात. मी तर कधी बटण दाबलेलं नाही. माझ्यासारख्या नवीन माणसानं घ्यावा का तो जुना संच? का जड जाईल?"

किती सरळ प्रश्न! आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"घे. पण पहिल्यापासून खेळायचा. मधूनच नाही. मी खेळले ना पहिल्यापासून?"

हे शब्द कुठून आले ते मला त्या क्षणी कळलं नाही. नंतर कळलं, आणि मग माझाच इतका राग आला की काय सांगू.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत मी भोसरीला एका शेडमध्ये कामाला लागले. तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळायचं काम. सगळ्या बायकाच. तिथला रिवाज होता, नवी बाई आली की तिला शेडमधलं सगळ्यात जुनं मशीन द्यायचं. हातानं फिरवायचं. वेढे मोजायचा काटा मोडलेला. इतरींचे काटे आपोआप मोजायचे, नवीनं तोंडानं मोजायचे. चुकली की कॉइल बाद, तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. थोरली बाई सांगायची, "याच्यावर हात बसला की कुटंबी बसंल." वर्षभर माझं तेच मशीन. वर्षभर मी त्या शेडमध्ये कुणाशी बोलले नाही, कारण बोललं की मोजणी हुकायची. बायका हसायच्या, गाणी म्हणायच्या, डबे वाटून खायच्या, आणि मी आपली पुटपुटत, एखाद्या वेड्या भटजीसारखी.

सुपरवायझर फेरीला निघाला की दाराजवळची बाई आपल्या बांगड्या पत्र्याच्या डब्यावर वाजवायची. किणकिण ऐकली की सगळ्या गप्प, माना खाली, तोंडातली चिंच गालफडात. मी मोजणीत बुडालेली, मला किणकिण कधी ऐकूच आली नाही. म्हणून चपला काढून पाय मशीनवर टाकून बसलेली सापडायची कोण? तर शेडमधली सगळ्यात कष्टाळू बाई. आणि या ठोंबीला त्याचा अभिमान होता! घरी येऊन यजमानांना सांगायची, "मी जुन्या मशीनवर शिकले, काट्यावर नाही." पुढं ते मशीन भंगारात निघालं तेव्हा मी शेडच्या दारात रडले. भंगारवाला वजन करत होता आणि मी डोळ्यांना पदर लावून उभी, जणू घरचं माणूस चाललंय. बायका अजून भेटल्या की ती नक्कल करून दाखवतात. करू देत. मीही त्यांच्याबरोबर हसते, फक्त माझं हसू जरा उशिरा येतं.

काय शिकवलं त्या मशीननं? काटा असलेल्या मशीनवर बसल्यावर तोंडानं मोजायची विद्या एक दिवस कामाला आली नाही. हात काय, चांगल्या मशीनवर आठवड्यात बसला असता. शिकवलं एवढंच, की मी सोसलं म्हणून तूही सोस. दुसरं काही नाही.

पण हे सगळं नंतरचं शहाणपण. तेव्हा मी काय केलं? मी सुपरवायझर झाले.

सुनेनं संच घेतला आणि पहिल्यापासून लावला. ती बसमधून उतरून घरी आली की मी विचारायचे, "कुठवर आलीस?"

"नाका."

"उद्या सुटेल."

दुसऱ्या दिवशी, "सुटला का?"

"नाही आई."

हळूहळू ती हॉलमध्ये बसायची बंद झाली. चहाचा कप घेऊन आत जायची आणि दार लागायचं. मीही हट्टाला पेटलेली. पॅसेजमधून जायचे, दार ढकलायचे, "बघू, कुठं आहेस?" ती पडल्यापडल्या मशीन माझ्याकडे वळवायची. पडद्यावर तोच नाका, तोच दिवा, तोच मिशाळ पहारेकरी, आणि ती ओंडक्यासारखी उभी जासूद. दर वेळी. इंचभर पुढं नाही. दिवस गेले, आठवडे गेले, नाका तिथंच.

मला भयंकर संताप यायचा. एवढी हुशार बाई, दाढवाल्याची चाल एका नजरेत ओळखणारी, आणि एक नाका ओलांडवत नाही? मन लावत नाही, दुसरं काय. आजकाल कुणाला काही सोसायलाच नको. मी हॉलमध्ये एकटी बसून पाचवा भाग दुसऱ्यांदा खेळायचे आणि मागून कुणी "आई, डावीकडे" म्हणायचं नाही. सारखी सापडायचे. रिमोट सोफ्यावर आपटायचे. त्याला रिमोट म्हणत नाहीत, कंट्रोलर म्हणतात, हे नातीनं सांगून झालंय. आपटायचा तर रिमोट म्हटलेलं बरं वाटतं.

एका रविवारी नातीचा फोन आला. मी गाऱ्हाणं सुरू केलं. तुझी आई अशी, तुझी आई तशी, नाक्यावर बसलीये, धड खेळत नाही, धड बोलत नाही, दार लावून घेते.

"तिला पहिल्या भागापासून कुणी खेळायला लावलं?" नातीनं विचारलं.

"मी. मग? मी नाही का खेळले?"

"आजी, तू रोज फोन करून शिव्या घालत होतीस त्या पहिल्या भागाला. मला मीटिंगमधून बाहेर यायला लागायचं. एकदा तर तू म्हणालीस, हा बनवणाऱ्याच्या तळपायात काटा मोडो."

"म्हणाले असेन."

"मग तोच तिला कशाला?"

उत्तर एकच होतं, आणि ते त्या थोरल्या बाईचं होतं, तिच्याच आवाजात. फोन ठेवला. कधी नव्हे ते मला शेडमधलं ते मशीन डोळ्यांसमोर दिसलं, आणि त्यावर मी नाही, माझी सून बसलेली. कंपनीचे निळे कपडे, वाकलेली मान, ओठ हलतायत, आणि बाजूला सगळं जग डबे वाटून खातंय. आणि त्या जगातली एकुलती एक बाई मी. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून लिफ्टकडे कान लावून बसणारी मी, तिला गप्प करणारीही मीच. एवढ्या मेहनतीनं मिळालेली माणसाची सोबत कुणी अशी स्वतःच्या हातानं भंगारात घालतं का? मी घातली होती. त्या भंगारवाल्यापुढं रडलेली ती खुळी परवडली, तिच्या डोळ्यांत निदान पाणी तरी होतं. मला नुसता राग येत होता. गेम बनवणाऱ्यांचा, इंटरनेटवरच्या शहाण्यांचा, थोरल्या बाईचा, आणि त्या सगळ्यांना मागं टाकून माझा.

सुनेला सुट्टी होती. दुपारची वेळ, तिच्या खोलीचं दार लावलेलं. मी उठले. पॅसेजमधून गेले. गुडघा मोडून पडला तरी आज सांगायचंच, असा विचार करत दार ढकललं. ती भिंतीला टेकून बसली होती. मला बघितल्याबरोबर तिनं सवयीनं मशीन माझ्याकडे वळवलं. नाका, दिवा, मिशाळ पहारेकरी.

"राहू दे ते," मी म्हणाले. आवाज चढलाच. "फेकून दे तो पहिला भाग. टुकार आहे. मलाही टुकारच वाटला होता, मी तुला उगाच त्यात ढकललं. पोथी नाही ती. तिसरा लाव, आत्ता लाव, माझ्यासमोर. आणि बाहेर येऊन खेळ. किंवा मी इथं बसते. पण त्या नाक्यावर आता एक दिवस काढायचा नाही, सांगून ठेवते."

मग तिनं एक बटण दाबलं. नाका गेला आणि पडद्यावर एक गच्ची आली. अशी गच्ची तिसऱ्या भागातही नाही. ती चौथ्यात आहे, अगदी शेवटाकडे. तिनं पाय आखडून पलंगावर जागा केली आणि म्हणाली:

"आई, तो नाका मी पहिल्याच आठवड्यात सोडला. तुम्ही विचारायला आलात की तेवढ्यापुरता लावून दाखवते. तुमच्या बांगड्या स्वयंपाकघरापासून ऐकू येतात, लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय मी त्या. आता आलाच आहात तर बसा, पण हात हलवू नका, तो बघा, वळतोय."